कोपऱ्यातला स्पीकर चांगला वाजतो? नाही, नुसता घुमतो

स्पीकर कोपऱ्यात, शोकेसवर ठेवला की आवाज भरदार होतो, हा समज नाशिकच्या घराघरांत पक्का आहे. बेस, म्हणजे खर्ज, वाढतो हे खरं. पण जवळची प्रत्येक भिंत खर्ज 6 डेसिबलपर्यंत फुगवते, तोही सारखा नाही. 12 फुटी हॉलमध्ये 47 हर्ट्‌झच्या आसपासचे सूर रेंगाळतात, डग्ग्याची घुमक पसरते आणि गायकाचे शब्द दबतात. शोकेसची काच थरथरते ती वेगळीच.

आधी स्पीकर खाली उतरवा. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट, बाजूच्या भिंतीपासून किमान दोन फूट. मागचं आणि बाजूचं अंतर अगदी सारखं ठेवू नका, नाहीतर एकाच पट्टीतले सूर दोनदा कापले जातात. दोन स्पीकर आणि तुमची बैठक यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हायला हवा.

उंची महत्त्वाची. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या रेषेत हवा. सोफ्यावर कान साधारण 36 इंचांवर येतो, म्हणून लहान स्पीकरला बहुतेक वेळा 24 इंची स्टँड पुरतो. गादीवर बसून ऐकणाऱ्यांनी स्वतःच्या कानाची उंची मोजूनच स्टँड करून घ्यावा. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात लोखंडी काम करणारे तो सहज वेल्ड करून देतात. स्टँडचा पोकळ पाइप वाजतो, म्हणून त्यात वाळू भरा. पण धुतलेली, उन्हात कडक वाळवलेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली. ओल्या वाळूने पाइप आतून गंजतो. स्पीकरखाली चार कोपऱ्यांना ब्लू-टॅकचे (कणकेसारखा मऊ, चिकट पदार्थ) वाटाण्याएवढे गोळे लावा, म्हणजे तो सरकणार नाही.