पार्श्वभूमी : न पडलेल्या इमारतींचा चौक

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. टाऊन हॉल, महापालिकेच्या कचेऱ्या, मध्यवर्ती ग्रंथालय, कलादालन असा शहराचा सगळा सार्वजनिक पसारा तिथे एकाच चौकाभोवती मांडलेला होता. गेली कित्येक वर्षे या चौकात कुंपणे, क्रेन आणि बंद दारे दिसत आली आहेत. भूकंपात इथल्या इमारती कोसळल्या असणार, असा कोणाचाही समज होईल. पण चौकातली एकही इमारत भूकंपाने पडलेली नाही. ज्या पडल्या, त्या माणसांनी पाडल्या. हे कसे झाले ते कळायला चौकाखालच्या जमिनीपासून सुरुवात करावी लागते.

ती जमीन म्हणजे भराव आहे. १८४० मध्ये ब्रिटिश वसाहतवाले इथे आले, तेव्हा आज दुकानांनी गजबजलेला ‘लॅम्बटन की’ हा रस्ता समुद्रकिनारा होता. तेव्हाची किनाररेषा दाखवणाऱ्या पाट्या आजही तिथल्या फुटपाथमध्ये बसवलेल्या आहेत. मुंबईकराला रेक्लमेशन समजावून सांगायला नको. वेलिंग्टनमध्ये मात्र माणसांच्या जोडीला भूकंपानेही जमीन दिली. २३ जानेवारी १८५५ रोजी ८.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि बंदराचा काठ मीटर-दीड मीटर वर उचलला गेला. जिथे जहाजांसाठी गोदी करायचा बेत होता, तिथे दलदल उरली. ती कोरडी करून क्रिकेटचे मैदान केले, तेच बेसिन रिझर्व्ह. १९६८ मध्ये अजित वाडेकरांनी आपले एकमेव कसोटी शतक, १४३ धावा, याच मैदानावर काढले आणि त्याच सामन्यात बापू नाडकर्णींनी एका डावात ४३ धावांत ६ बळी घेतले. भूकंपाने वर काढलेल्या जमिनीशी मराठी माणसाचे एवढे तरी नाते आहेच.

१८४८ च्या भूकंपात विटांची बांधकामे ढासळली होती. त्यातून शहाणे होऊन लोक लाकडाकडे वळले. १८७६ ची सरकारी कचेरी लाकडाची, पण बाहेरून दगडी वाटावी अशी घडवलेली आहे आणि ती अजून उभी आहे. पण शहर श्रीमंत होऊ लागले की लाकूड कमीपणाचे वाटायला लागते. १९०४ मध्ये टाऊन हॉल उघडला तो विटांचा, समोर भव्य खांब आणि वर घड्याळाचा मनोरा. आणि बांधला कुठे, तर त्याच भरावावर!

पुढची चाळीस वर्षे ही इमारत डोक्याकडून लहान होत गेली. १९३१ मध्ये नेपियर शहर भूकंपात उद्ध्वस्त झाले. त्याच्या धसक्याने १९३४ मध्ये टाऊन हॉलचा मनोरा उतरवला. १९४२ मध्ये वेलिंग्टनलाच धक्के बसले, मग दर्शनी खांबही गेले. उरला तो बोडका, काहीसा केविलवाणा डोलारा. पण आतला सभामंडप लांबट पेटीच्या आकाराचा, आणि त्यात आवाज असा घुमतो की संगीतकार त्याच्यावर जीव टाकतात. १९६४ मध्ये बीटल्स इथे वाजवून गेले. १९८३ मध्ये शेजारी मायकेल फाउलर सेंटर हे नवे सभागृह उभे राहिले. त्यानंतर जुना टाऊन हॉल पाडायचाच, असे ठरत आले होते. तो वाचला मुख्यतः या आवाजामुळे.

आजचा चौक त्यानंतरचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद इयन अ‍ॅथफील्ड यांच्या कल्पनेतून विखुरलेल्या इमारती एका मोकळ्या जागेभोवती जोडल्या गेल्या. १९९१ मध्ये नवे ग्रंथालय आले. त्याच्या बाहेर धातूचे निकाऊ माड खांबांसारखे उभे आहेत. न्यूझीलंडचा हा देशी माड कोकणातल्या पोफळीच्या जवळचा भाऊ वाटावा असा. १९९२ मध्ये चौक खुला झाला. १९४० च्या जुन्या ग्रंथालयात कलादालन गेले. रहदारीचा रुंद रस्ता ओलांडून चौकाला समुद्राशी जोडणारा, लाकडी शिल्पांचा पादचारी पूल झाला. लोक दुपारी डबा घेऊन इथे बसत. जेमतेम वीस वर्षे हे सुख टिकले.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी क्राइस्टचर्चच्या भूकंपात १८५ माणसे गेली. त्यातली ११५ सीटीव्ही या एकाच इमारतीत. देशभर इमारतींची तपासणी सुरू झाली. नवी इमारत बांधली तर तिला जेवढी ताकद लागेल, त्याच्या ३४ टक्क्यांपेक्षा कमी ताकदीची इमारत तेव्हाच्या कायद्याने भूकंपप्रवण, म्हणजे भूकंपात धोकादायक, ठरत असे. टाऊन हॉल या परीक्षेत नापास झाला आणि २०१३ च्या अखेरीस बंद झाला.

१४ नोव्हेंबर २०१६ ला, मध्यरात्र उलटून दोनच मिनिटे झाली असताना, ७.८ तीव्रतेचा कैकौरा भूकंप झाला. चौकातली महापालिकेची प्रशासकीय इमारत निकामी झाली. ग्रंथालयाला किरकोळ इजा झाली आणि ते पुन्हा सुरूही झाले. खरी बातमी बंदराजवळच्या स्टॅटिस्टिक्स हाउसमधली होती. जेमतेम दहा-बारा वर्षांच्या त्या इमारतीतल्या स्लॅबचे काही भाग खाली आले. वेळ रात्रीची होती म्हणून आत कोणी नव्हते.

तो स्लॅब कसा पडला, याच्या तपासात पुढचे सगळे आहे. कारखान्यात ओतलेल्या, आतून पोकळ काँक्रीटच्या लांब फळ्या तुळईच्या कडेवर टेकवायच्या, ही पद्धत स्वस्त आणि झटपट. फडताळातली फळी दोन बाजूंच्या पट्ट्यांवर टेकलेली असते, तसेच हे. धक्क्यांनी चौकट हलते, तुळया किंचित लांबतात, दोन पट्ट्यांमधले अंतर वाढते आणि फळीचा आधार सुटतो. खांब जागच्या जागी, मजला मात्र खाली. या अनुभवातून इमारती तपासायचे नियम बदलले. नव्या नियमांनी ग्रंथालय पाहिले तर तिथेही तशाच फळ्या. १९ मार्च २०१९ ला महापालिकेने ते बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी दारे लागली. आदल्या दिवशी मुले जिथे गोष्टी ऐकत बसली होती, तिथे दुसऱ्या दिवशी जायला बंदी. त्या दिवशी भूकंप झालाच नव्हता. बदलले होते ते फक्त माणसांचे ज्ञान. मला वाटते, या चौकाच्या वादातला सगळा कडवटपणा इथून येतो. डोळ्यांना धडधाकट दिसणारी इमारत धोकादायक आहे, हे आकडे दाखवून लोकांना पटवणे महाकठीण.

पाडून नवे बांधा, असे म्हणणारे पुष्कळ होते. २०२० मध्ये महापालिकेने ग्रंथालय राखून ते बेस आयसोलेटरवर बसवायचे ठरवले. म्हणजे इमारत पायापासून सोडवायची आणि मध्ये रबर-शिशाच्या गाद्या घालायच्या. जमीन हलली तरी वरचा भाग सावकाश डोलतो. रबर-शिशाच्या गाद्यांचे हे तंत्र वेलिंग्टनचेच. १९७० च्या दशकात तिथल्या बिल रॉबिन्सन यांनी ते शोधले. चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे ‘ते पापा’ संग्रहालय १९९८ पासून अशाच गाद्यांवर उभे आहे, आणि २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये बांधलेले नवे रुग्णालयही.

टाऊन हॉललाही तेच करायचे ठरले. पण नव्या इमारतीखाली गाद्या घालणे वेगळे आणि शंभरी उलटलेल्या विटांच्या इमारतीला अधांतरी तोलून, भरावात, समुद्राच्या पातळीखाली नवे तळघर खणणे वेगळे. सुरुवातीचा अंदाज ४ कोटी ३० लाख न्यूझीलंड डॉलरचा होता. २०२३ मध्ये महापालिकेने मंजूर केलेली कमाल रक्कम ३२ कोटी ९० लाख. एवढ्या पैशात पाइप बदलून झाले असते, हे तिथे कोणीही ऐकवतो, कारण वेलिंग्टनचे जुने जलवाहिन्यांचे जाळे सदा गळत असते.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, चौकाला ‘ते न्गाकाऊ’ हे माओरी नाव मिळाले. अर्थ, हृदय. त्या हृदयालगतच्या महापालिकेच्या दोन्ही कचेऱ्या पुढे जमीनदोस्त झाल्या आणि कर्मचारी भाड्याच्या जागेत गेले. मग पाळी आली समुद्राकडे नेणाऱ्या पुलाची. डिसेंबर २०२४ मध्ये महापालिकेने तो पाडायचा निर्णय घेतला. कारण पुन्हा तेच : तो पडलेला नाही, पण पडू शकतो. या वेळी मात्र नागरिक थेट न्यायालयात गेले.