कॅरोल जी की बेकी जी? एकाच अक्षरामागच्या दोन गायिका

दोघी स्पॅनिशमध्ये गातात. दोघींची बरीच गाणी रेगेटॉनच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या रॅप-मिश्रित नृत्यसंगीताच्या, ठेक्यावर आहेत. दोघींच्या नावाला शेवटी 'जी' आहे, स्पॅनिश श्रोत्यांनी दोघींना उचलून धरलं ते २०१७ साली पोर्तो रिकोचा रॅपर बॅड बनी याच्याबरोबरच्या गाण्यांमुळे, आणि त्यावर कडी म्हणजे दोघींचं एक गाजलेलं गाणं एकत्र आहे. लॅटिन पॉप नव्याने ऐकणाऱ्याची गल्लत होणारच.

पण या दोघी आज जिथे उभ्या आहेत तिथे उलट दिशांनी आल्या आहेत. कॅरोल जी कोलंबियाची. ती रेगेटॉनच्या गल्लीतच वाढली आणि स्पॅनिश न सोडता अमेरिकेच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. बेकी जी कॅलिफोर्नियाची. तिने आधी इंग्रजी पॉप आणि रॅपमध्ये नाव कमावलं आणि नंतर आजी-आजोबांच्या भाषेकडे वळली. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे फरक लक्षात ठेवावे लागत नाहीत, ते त्यातूनच निघतात.

आधी त्या 'जी'चं पाहू. कॅरोल जीचं पूर्ण नाव कारोलिना हिराल्दो नावारो. स्पॅनिश पद्धतीत दोन आडनावं लागतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. आपल्याकडे आडनाव शेवटी येतं, त्या सवयीने तिला 'नावारो' म्हटलं तर चुकतं. तिचं पहिलं आडनाव हिराल्दो, आणि 'जी' आहे ते त्याचं आद्याक्षर. स्पॅनिशमध्ये हे अक्षर 'इ' किंवा 'ए'च्या आधी आलं की त्याचा उच्चार 'ह' होतो, म्हणून 'गिराल्दो' किंवा 'जिराल्दो' नव्हे. बेकी जीचं नाव रिबेका मरी गोमेझ. मरी हे मधलं नाव आणि गोमेझ हे एकच आडनाव, अमेरिकन पद्धतीने. इथे तेच अक्षर 'ग' होतं. म्हणजे एकीच्या आडनावात 'ह', दुसरीच्या आडनावात 'ग', आणि मंचावर मात्र दोघीही इंग्रजी 'जी'. गोव्यात गोम्स आडनाव घरोघरी ऐकू येतं, त्याचं आणि गोमेझचं मूळ एकच. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या शेजारी भाषांत त्याची दोन रूपं झाली. गोव्याच्या वाचकाला बेकीचं आडनाव लक्षात ठेवायला हा दुवा पुरे.

आणखी एक 'जी' फसवतो. कॅरोल जी आणि शकिरा यांचं 'टीक्यूजी' हे २०२३ चं गाणं. यातला 'जी' कॅरोलचा नाही. 'ते केदो ग्रान्दे' या शब्दांची ती आद्याक्षरं आहेत, अर्थ साधारण 'तुला ते झेपलं नाही' असा. सोडून गेलेल्या जोडीदाराला सुनावलेले हे शब्द आहेत.

कॅरोलचा जन्म १४ फेब्रुवारी १९९१ चा, गाव मेडेयिन. याच शहरातून जे बाल्विन आणि मालुमा हेही आले, त्यामुळे कोलंबियन रेगेटॉन म्हटलं की बहुतेकदा मेडेयिनचंच रेगेटॉन अभिप्रेत असतं. वडील स्वतः संगीतातले. त्यांनीच सुरुवातीची वर्षं तिचं काम सांभाळलं. किशोरवयात ती 'एक्स फॅक्टर' या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेच्या कोलंबियन आवृत्तीत उतरली आणि पहिला करार झाला तो १६ मे २००६ रोजी. तिच्या २०२१ च्या 'केजी०५१६' या अल्बमचं नाव या तारखेवरूनच पडलं आहे: आधी नावाची आद्याक्षरं, मग महिना, मग दिवस. हे नाव विमानाच्या फेरीच्या क्रमांकासारखं दिसतं आणि ते तसं मुद्दामच ठेवलं आहे.

करार झाला तरी पुढची दहा वर्षं खडतर गेली. रेगेटॉन तेव्हा जवळपास पूर्ण पुरुषांचा प्रांत होता. पोर्तो रिकोच्या आयव्ही क्वीनसारखं एखादं नाव सोडलं तर बायका फार तर ध्रुवपदापुरत्या किंवा व्हिडिओत नाचण्यापुरत्या. कॅरोलला कंपन्यांचे नकार मिळत राहिले. २०१२ मध्ये रेकॉनबरोबर '३०१', २०१३ मध्ये निकी जॅमबरोबर 'आमोर दे दोस' अशी गाणी आली, पण एकटीच्या नावावर ठोस काही होईना. २०१४ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली आणि तिथे संगीताचा व्यवसाय कसा चालतो ते शिकली. तिच्या पुढच्या चालींत दिसणारा हिशेबीपणा या काळात घडला असावा असं वाटतं. कुणाबरोबर गाणं करायचं, कोणतं गाणं आधी बाहेर काढायचं, हे तिचं क्वचितच चुकलं आहे.

२०१७ मध्ये बॅड बनीबरोबरचं 'आओरा मे यामा' आलं. हे लॅटिन ट्रॅप, म्हणजे रॅपचाच एक स्पॅनिश प्रकार आहे, रेगेटॉन नव्हे. त्याचा ठेका संथ आणि जड आहे. त्याच वर्षी पहिला अल्बम आला, २०१८ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा लॅटिन ग्रॅमी मिळाला आणि २०१९ च्या नोव्हेंबरात निकी मिनाजबरोबरचं 'तुसा' आलं. 'तुसा' हा कोलंबियन बोलीतला शब्द, प्रेमभंगानंतरच्या जळजळीसाठी वापरला जाणारा. या गाण्याने तिचं नाव लॅटिन अमेरिकेच्या बाहेर नेलं. २०२० च्या 'बिचोता'मागे पोर्तो रिकोच्या रस्त्यावरची बोली आहे: तिथे 'बिचोते' म्हणजे अमली पदार्थांच्या धंद्यातला बडा माणूस. कॅरोलने त्याचं स्त्रीलिंगी रूप घेतलं आणि अर्थ बदलून 'स्वतःच्या जोरावर उभी असलेली बाई' असा केला. आज तिच्या चाहत्या स्वतःला याच नावाने ओळखतात.

मग २०२३ चा 'मान्याना सेरा बोनितो', म्हणजे 'उद्याचा दिवस छान असेल'. पूर्ण स्पॅनिशमधल्या अल्बमने बिलबोर्ड २०० या अमेरिकेच्या अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर यावं, असं स्त्री कलाकाराच्या बाबतीत याआधी झालं नव्हतं. त्याच वर्षी सेवियात झालेल्या लॅटिन ग्रॅमी सोहळ्यात तो वर्षाचा अल्बम ठरला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमीही मिळाला. २०२४ च्या जुलैमध्ये माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेउ स्टेडियमवर तिने ओळीने चार रात्री गायलं.

बेकीची सुरुवात दुसऱ्याच टोकाला होते. जन्म २ मार्च १९९७, इंगलवूड, कॅलिफोर्निया, म्हणजे कॅरोलपेक्षा ती सहा वर्षांनी लहान. चारही आजी-आजोबा मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातले, जे मारियाचीचं, म्हणजे व्हायोलिन, गिटार आणि ट्रम्पेटवरच्या मेक्सिकन लोकसंगीताचं, माहेर मानलं जातं. ती नऊ वर्षांची असताना कुटुंबाचं घर गेलं आणि सगळे आजी-आजोबांच्या गॅरेजमध्ये राहायला आले. घराला हातभार म्हणून ती लहानपणीच जाहिराती आणि आवाज देण्याची कामं करू लागली. २०११ च्या सुमारास इंटरनेटवर टाकलेले तिचे रॅप निर्माता डॉ. ल्यूकच्या नजरेत आले आणि केमोसाबे या कंपनीशी करार झाला. २०१४ च्या 'शॉवर' या इंग्रजी गाण्याने बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत सोळावं स्थान गाठलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

पण 'शॉवर'नंतर अपेक्षित असलेला अल्बम आलाच नाही. एकेक सुटी गाणी येत राहिली. तिचा पहिला पूर्ण अल्बम निघायला २०१९ उजाडलं, आणि तो 'माला सांता' स्पॅनिशमध्ये होता. मधल्या काळात, २०१६ मध्ये 'सोला' गाऊन तिने भाषा बदलली होती. २०१७ मध्ये बॅड बनीबरोबरचं 'मायोरेस' आलं आणि वळण पक्कं झालं. इंग्रजीतून नावारूपाला आलेली गायिका स्पॅनिशमध्ये नव्याने सुरू करते तेव्हा तिच्यावर दोन्हीकडून शंका घेतली जाते. बेकीने त्याला दिलेलं उत्तर साधं आहे: ती स्वतःला अर्धी-अर्धी मानत नाही, पूर्ण मेक्सिकन आणि पूर्ण अमेरिकन मानते. अभिनय हीदेखील तिचीच बाजू. २०१७ च्या 'पॉवर रेंजर्स' चित्रपटातली पिवळी रेंजर ती बेकी.

सर्वात जास्त घोळ होतो तो २०१८ च्या दोन गाण्यांत. दोन्ही एकाच वसंतात आली आणि दोन्हींचा विषय शयनगृह. 'सिन पिहामा', म्हणजे 'पायजम्याविना', हे बेकी जी आणि नाटी नाताशा यांचं. 'मी कामा', म्हणजे 'माझा पलंग', हे कॅरोल जीचं. ओळखायची खूण सोपी आहे: ठेक्यातच पलंगाची कुरकुर ऐकू आली तर ते 'मी कामा'. दोन बायकांचे आवाज आलटून पालटून आले तर 'सिन पिहामा'. 'मी कामा'ची जे बाल्विन आणि निकी जॅमबरोबरची दुसरी आवृत्तीही आहे, तिच्यात मात्र पुरुषांचे आवाज येतात.

ठेक्यावरून दोघींत फरक करायला जाऊ नका. रेगेटॉनचा पाया, ज्याला 'देम्बो' म्हणतात, दोघींकडे एकच. एक मात्रावर्तन सोळा खान्यांचं धरा. जाड ढोल १, ५, ९, १३ वर आणि खणखणीत ठोका ४, ७, १२, १५ वर. घरी करून पाहायचं असेल तर पायाने चार सरळ ठोके धरा आणि हाताने तीन-तीन-दोन अशा गटांची सुरुवात टाळीने दाखवा. आठपर्यंत मोजत १, ४ आणि ७ वर टाळी. पहिल्यांदा बहुतेकांची तिसरी टाळी घाईत सहावर पडते, आणि मग सगळा डोल जातो. ती सातवरच हवी.

उच्चार मात्र मदत करतात. मेडेयिनच्या बोलीत 'यो' (मी) किंवा 'एया' (ती) अशा शब्दांतला 'य' ठळकपणे 'ज'कडे झुकतो. तिथले लोक आपल्या शहराचं नावही 'मेदेजीन'च्या जवळपास उच्चारतात. त्यांचा 'स' किंचित 'श'सारखा लागतो. बेकीच्या मेक्सिकन वळणाच्या स्पॅनिशमध्ये 'य' मऊच राहतो. गाण्यात ही खूण बोलण्याइतकी स्वच्छ मिळत नाही, म्हणून आधी दोघींची एकेक मुलाखत ऐका आणि मग गाण्याकडे वळा. आवाजातही फरक आहे. कॅरोल ठेक्याच्या जरा मागे रेलून गाते, स्वर खालचा आणि थोडा घोगरा. बेकी रॅपमधून आलेली, त्यामुळे तिची व्यंजनं टोकदार पडतात आणि वेगवान ओळीतही शब्द तुटत नाहीत.

कॅरोलच्या अनेक गाण्यांत 'ओव्ही ऑन द ड्रम्स' असा उच्चार ऐकू येतो. हा तिचा जुना निर्माता, मेडेयिनचाच. पण तो इतरांसाठीही काम करतो, तेव्हा नुसत्या या शिक्क्यावर निकाल देऊ नका.

मारियाची किंवा ट्रॉम्बोन ऐकू आले की 'ही बेकीच' असं ठरवणारे बरेच असतात. त्यात अर्धं तथ्य आहे. तिचा २०२३ चा 'एस्किनास' हा पूर्ण अल्बम मेक्सिकन लोकवळणाच्या संगीताचा आहे. पेसो प्लुमाबरोबरचं 'चॅनेल' त्यातलंच, आणि आजोबांना उद्देशून गायलेलं 'केरीदो आबुएलो'देखील. मला तिचं सर्वात मनापासूनचं काम हेच वाटतं, कारण इथे ती कुठल्या बाजारासाठी भाषा निवडत नाही, घरी ऐकलेलं गाते. पण कॅरोलनेही मेक्सिकन ढंगात गायलं आहे: '२०० कोपास' आणि 'गुची लोस पान्योस' ही तिची गाणी. २०२४ मध्ये तर तिने 'सी आन्तेस ते उबिएरा कोनोसीदो' हे थेट मेरेंगे केलं, म्हणजे डोमिनिकन प्रजासत्ताकाचा ठेका. त्यामुळे वाद्यांवरून गायिका ओळखू पाहणारा हमखास फसतो.

भाषेची खूणही अशीच अर्धी. इंग्रजी गाणं असेल तर बहुधा बेकी, पण २०२१ चं टिएस्टोबरोबरचं 'डोन्ट बी शाय' हे इंग्रजी गाणं कॅरोलचं आहे.

उरलं ते दोघींचं एकत्र गाणं, 'मामी', १० फेब्रुवारी २०२२ चं. रोमन लिपीत ते शेवटी तीन 'आय' लावून लिहितात. शोधताना एकच लावला तर भलतीच गाणी समोर येतात. हॉट १०० यादीत ते पंधराव्या स्थानी पोहोचलं, म्हणजे 'शॉवर'च्या एक पायरी वर. आठ वर्षांनी बेकीने स्वतःचा इंग्रजीतला उच्चांक स्पॅनिशमध्ये मोडला. गाणं कुणाचं असा प्रश्न पडला तर अल्बम बघा: ते बेकीच्या 'एस्केमास'मध्ये आहे, कॅरोलच्या कुठल्या मूळ अल्बममध्ये नाही. त्याच एप्रिलमध्ये कोचेला महोत्सवात कॅरोलच्या कार्यक्रमात बेकी पाहुणी म्हणून आली आणि दोघींनी ते मंचावर गायलं, त्यामुळे त्या चित्रफिती कॅरोलच्या नावाने फिरतात.

हे गाणं सर्वात शेवटी ऐकावं. आधी कॅरोलची 'तुसा' आणि 'प्रोवेन्सा', मग बेकीची 'शॉवर', 'मायोरेस' आणि 'चॅनेल' याच क्रमाने. म्हणजे 'मामी' लावल्यावर दोन आवाज सुटे ऐकू येतात, आणि कोणती ओळ कुणाची ते शब्दांचा अर्थ कळत नसला तरी सांगता येतं.