वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींसाठी घरं जुळवून देण्याचं प्रशिक्षण: अमेरिकेतल्या ‘कॅप्स’ची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

“बाबांच्या बाथरूममध्ये धरायला बार लावायचाय, तुमच्याकडे कुणी आहे का?” अमेरिकेत घरदुरुस्तीच्या कामात असलेल्या आमच्यासारख्यांना हा फोन नेहमी येतो. तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीनुसार ६५ वर्षांवरच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जण वर्षातून एकदा तरी पडतात. तरीही म्हातारपणी बहुतेकांना आपलं घर सोडायचं नसतं. मग घरालाच माणसाप्रमाणे बदलावं लागतं. टाइल बसवणाऱ्याला भिंत कळते, थेरपिस्टला गुडघा कळतो, पण दोन्ही कळणारा माणूस शोधायला गेलं की पंचाईत होते. असा माणूस तयार करण्यासाठी जे प्रशिक्षण आहे, त्याचा अर्ज कसा करायचा ते इथे सविस्तर सांगतो. मला विचारणाऱ्यांत कंत्राटदार असतात, इंटिरियर डिझाइनर असतात आणि भारतातून आलेले ऑक्युपेशनल थेरपिस्टही (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे) असतात. प्रत्येकाची वाट थोडी वेगळी आहे.

‘कॅप्स’ म्हणजे नेमकं काय

पूर्ण नाव सर्टिफाइड एजिंग-इन-प्लेस स्पेशालिस्ट. नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्स ही बांधकाम व्यावसायिकांची संघटना ते देते. अभ्यासक्रम तयार करताना ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या ‘एएआरपी’ या संस्थेचा सहभाग होता. हे सरकारी प्रमाणपत्र नाही, आणि लायसन्स तर नाहीच नाही. हे आधीच ठासून सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कॅप्स मिळालं म्हणून भिंत तोडायचा परवाना मिळत नाही. कंत्राटदाराचं लायसन्स हा राज्याचा विषय आहे. कॅलिफोर्नियात ते राज्याकडून घ्यावं लागतं. टेक्ससमध्ये सर्वसाधारण कंत्राटदाराला राज्यपातळीवर लायसन्स लागत नाही, पण तिथली शहरं आपापली नोंदणी मागू शकतात. तेव्हा कोर्सचे पैसे भरण्याआधी आपलं राज्य आणि आपलं शहर काय मागतं ते पाहून घ्या.

पात्रता

पदवीची अट नाही, संघटनेचं सदस्यत्वही सक्तीचं नाही. सदस्यांना फी कमी पडते, एवढाच फरक. कंत्राटदार, आर्किटेक्ट, डिझाइनर, थेरपिस्ट, नर्स, घरविक्रीचे एजंट अशी सगळी मंडळी एकाच वर्गात बसतात. मला तर हीच या कोर्सची खरी कमाई वाटते. माझ्या शेजारी बसलेल्या थेरपिस्टबाईंनी दुपारच्या सुट्टीत मला खुर्चीवरून एका हाताने उठायला लावलं. इतकी वर्षं मी कमोड बसवत होतो, पण त्यावरून उठताना शरीराचं वजन कुठून कुठे जातं याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

भारतातून ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेऊन आलेल्यांसाठी एक सूचना. कॅप्स तुम्हाला करता येईल, पण तेवढ्यावर अमेरिकेत थेरपिस्ट म्हणून काम करता येणार नाही. त्यासाठी ‘एनबीसीओटी’ या थेरपिस्टांना प्रमाणित करणाऱ्या मंडळाकडून परदेशी पदवीची पात्रता तपासून घ्यायची, मग त्यांची परीक्षा द्यायची आणि त्यानंतर राज्याचं लायसन्स घ्यायचं. याला वेळ लागतो. दरम्यान एखाद्या कंत्राटदाराबरोबर काम करायचं असेल, तर स्वतःची ओळख कार्डावर ‘थेरपिस्ट’ अशी छापू नका. तुमची पदवी कितीही पक्की असली तरी लायसन्सशिवाय ती ओळख वापरणं अंगाशी येतं.

तीन कोर्स

नावापुढे ‘कॅप्स’ हे पदनाम लावण्यासाठी तीन कोर्स पूर्ण करावे लागतात. प्रत्येक साधारण एका दिवसाचा असतो. पहिल्यात वृद्ध आणि दिव्यांग ग्राहकांशी बोलणं, त्यांची गरज समजून घेणं आणि ही सेवा त्यांच्यापर्यंत पोचवणं. दुसऱ्यात घराची रचना: प्रवेश, दार, बाथरूम, स्वयंपाकघर. तिसऱ्यात बारकावे आणि प्रत्यक्षातली उत्तरं, म्हणजे एखाद्या ठरावीक व्यक्तीसाठी ठरावीक घरात काय करायचं. कोर्स ऑनलाइन होतात, आणि बिल्डरांच्या स्थानिक संघटनाही ते प्रत्यक्ष वर्गात घेतात. शक्य असेल तर निदान तिसरा तरी प्रत्यक्ष वर्गात करा. नकाशावर पेन्सिल फिरवताना शेजारचा माणूस “अहो, इथून व्हीलचेअर वळणार कशी?” असं विचारतो, ते पडद्यावर होत नाही.

माझं मत विचाराल तर तिन्ही क्रमानेच करावेत. पहिला ‘मार्केटिंगचा’ म्हणून तो शेवटी ढकलणारे पुष्कळ भेटले. पण ‘तुम्हाला आता जमत नाही’ हे एखाद्याला न दुखवता कसं विचारायचं, ते त्याच कोर्समध्ये शिकवतात.

अर्ज आणि कागदपत्रं

तिन्ही कोर्स झाले की पदनाम आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज भरायचा असतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. अर्जासोबत तिन्ही कोर्स पूर्ण केल्याची नोंद लागते, आचारसंहितेवर सही लागते आणि पदनामाची फी लागते. कोर्सची फी निराळी, पदनामाची निराळी. स्थानिक संघटनेत केलेल्या कोर्सची नोंद मुख्य कार्यालयात पोचली आहे का, ते अर्जाआधी स्वतः तपासा. कोर्सला नाव जसं दिलं तसंच अर्जात द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. एका ठिकाणी ते लिहिलं आणि दुसरीकडे गाळलं की नोंदी जुळायला त्रास होतो.

अर्ज मंजूर होईपर्यंत व्हिजिटिंग कार्डावर कॅप्स लिहायचं नाही. कोर्स केला म्हणजे पदनाम मिळालं असं होत नाही.

याच्या जोडीला लागणारं आणखी एक प्रमाणपत्र

हे वेगळं सांगतो, कारण कॅप्स करणारे बरेच जण इथे अडखळतात. १९७८ च्या आधी बांधलेल्या घरांच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. अशा घरात मोबदला घेऊन काम करताना एका खोलीतला ६ चौरस फुटांपेक्षा जास्त रंगवलेला भाग उकरला जाणार असेल, तर पर्यावरण संरक्षण संस्थेचा नियम लागू होतो. २०१० च्या एप्रिलपासून तो अंमलात आहे. कामावर प्रमाणित रिनोव्हेटर हवा, त्याचं पहिलं प्रशिक्षण ८ तासांचं असतं आणि प्रमाणपत्र साधारणपणे ५ वर्षं चालतं. फर्मचं प्रमाणपत्र याहून वेगळं घ्यावं लागतं. काम सुरू होण्याआधी घरमालकाला माहितीपत्रक द्यायचं आणि मिळाल्याची सही घ्यायची. म्हातारी माणसं बहुधा जुन्याच घरांत राहतात, त्यामुळे दार रुंद करायला गेलं की हा नियम समोर उभा राहतोच.

पदनामाचा उपयोग कुठे होतो

केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने २०२१ मध्ये वृद्धांच्या घरांत बदल करण्यासाठी अनुदानाचा कार्यक्रम सुरू केला. कमी उत्पन्नाच्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या, ६२ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांसाठी तो आहे. पैसे थेट कुटुंबाला मिळत नाहीत; ते स्थानिक संस्थांना मिळतात आणि त्या संस्था काम करून घेतात. घराची पाहणी थेरपिस्टने किंवा कॅप्स असलेल्याने करावी अशी तिथे अपेक्षा असते. तुमच्या भागात अशी संस्था असेल तर तिच्याकडे नाव नोंदवून ठेवा.

माजी सैनिकांना घरात असे बदल करण्यासाठी ‘हिसा’ नावाचं अनुदान आहे. त्याचा अर्ज सैनिकाने करायचा असला, तरी अर्धी कागदपत्रं कंत्राटदाराकडून जातात, म्हणून ती माहीत हवीत. व्हीएच्या (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या) डॉक्टरांची चिठ्ठी, १०-०१०३ क्रमांकाचा फॉर्म, घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती, प्रत्येक वस्तूचा खर्च वेगळा दाखवणारं अंदाजपत्रक आणि बदल करायच्या जागेचा रंगीत फोटो. फोटो काम सुरू होण्याआधीचा हवा. आमच्या हातून एकदा इथेच चूक झाली. ग्राहक घाईत होते, आमच्या माणसाने बाथटब आधीच उचकटला, आणि फोटोत नुसता खड्डा आणि पाइप. त्या गृहस्थांना त्यामुळे जो मनस्ताप झाला तो मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय आम्ही हत्यारं गाडीतून काढत नाही.

भाड्याच्या घराबद्दलही दोन शब्द. अमेरिकेच्या फेअर हाउसिंग कायद्याखाली दिव्यांग भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने वाजवी बदल करून घेण्याचा हक्क आहे. मात्र काही बदल घर सोडताना पूर्ववत करून देण्याची अट मालक घालू शकतो. म्हणून परवानगी मागताना काय बसवणार आणि काय काढून देणार, दोन्ही लिहून द्या.

मापं पुस्तकातली आणि माणसाची

ग्रॅब बारची उंची ३३ ते ३६ इंच, रॅम्पचा उतार बाराला एक (बारा इंच लांबीला एक इंच चढ), दाराची मोकळी रुंदी ३२ इंच. ही मापं सगळ्यांना पाठ असतात. ती दिव्यांग हक्क कायद्याच्या मानकांतून आली आहेत आणि सार्वजनिक इमारतींसाठी आहेत. माणसाच्या खासगी घराला ती बंधनकारक नाहीत. म्हणजे घरात माप माणसाचं घ्यायचं.

प्रमाणपत्र मिळून थोडेच दिवस झाले होते. एका घरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी होत्या. मुलीने मोठ्या हौसेने बाथरूम दाखवलं, “हा बघा बार, नवाच लावलाय.” बार ३६ इंचांवर, भिंतीतल्या लाकडी खांबात पक्का, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, “आजी, रोज उठता तसंच उठून दाखवता का?” आजींनी बारकडे पाहिलंही नाही. डावा हात समोरच्या टॉवेलच्या दांडीवर टाकला आणि जोर देऊन उठल्या. दांडी हलली, आणि खाली फरशीवर पांढऱ्या भुकटीची बारीक रेघ दिसली. रोजच्या रोज भिंतीतून झरणारं प्लास्टर होतं ते. “उजवा खांदा वर जात नाही हो,” आजी म्हणाल्या. मुलीला हे ठाऊकच नव्हतं. आजींना कुणी विचारलंही नव्हतं.

टॉवेलची दांडी टॉवेलपुरती असते. नुसत्या जिप्समच्या पाट्यात प्लास्टिकच्या खुंटीवर ती उभी असते. ग्रॅब बारने आणि त्याच्या फास्टनरने २५० पौंडांचा जोर सोसायला हवा. आम्ही डावीकडची भिंत उघडली, आत आडवं लाकूड बसवलं आणि आजींचा हात जिथे आपोआप जात होता तिथेच उभा बार लावला. पाहणीच्या फॉर्ममध्ये त्या दिवसापासून आम्ही एक रकाना वाढवला: ‘सध्या कशाला धरून उठतात?’ तुम्ही स्वतःचा फॉर्म तयार कराल तेव्हा हा रकाना वरच्या बाजूला ठेवा.

नूतनीकरण

पदनाम एकदा मिळालं की कायमचं, असं नाही. वार्षिक फी भरावी लागते आणि दर ३ वर्षांत १२ तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. त्याच्या पावत्या आणि हजेरीचे दाखले मिळतील तसे एका फोल्डरमध्ये टाकत जा. नाहीतर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जुने ईमेल उपसत बसायची पाळी येते. हे १२ तास कुठे घालवावेत असं कुणी विचारलं, तर मी स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरांविषयीचा कोर्स आधी सुचवतो. उजेड, फरशीचा रंग, आरसे आणि दारांच्या कड्या या गोष्टी मूळ तीन दिवसांत घाईघाईने उरकल्या जातात, आणि पुढे फोन मात्र त्यांच्याविषयीच जास्त येतात.