बार्शी लाइट ते डेमू

काही वर्षांपूर्वी कुर्डुवाडी जंक्शनला मिरजेहून आलेली डेमू, म्हणजे वेगळे इंजिन न जोडता धावणारी डीझेल-इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट गाडी, फलाटाला लागताना पाहिली. माणसे उतरली, पिशव्या उतरल्या. पुढच्या केबिनमधून लोको पायलट खाली आला. त्याने गाडीची दिशा ठरवणारे रिव्हर्सरचे हँडल काढून बरोबर घेतले होते. बॅग खांद्याला लावून तो फलाटावरून चालत गाडीच्या शेपटाकडे गेला आणि तिथल्या केबिनमध्ये चढला. थोड्या वेळाने त्या टोकाचे दिवे बदलले. जे शेपूट होते ते तोंड झाले, आणि गाडी परत जायला तयार झाली.

माझी आजी या गाडीला ‘मांडूळ’ म्हणायची. दोन्हीकडे तोंड असलेली. डेमूचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही.

या चालत जाण्याचे मोल कळायला आधीचा प्रकार पाहिलेला असावा लागतो. सोलापूरला मीटर गेजच्या, म्हणजे दोन रुळांत मीटरभर अंतर असलेल्या लाइनीच्या, फलाटावर गदगकडची पॅसेंजर येऊन संपायची. आजोबांचे बोट धरून मी ते पाहायला थांबत असे. पॉइंट्समन इंजिन आणि पहिला डबा यांच्या फटीत उतरायचा, ब्रेकच्या व्हॅक्यूमचा पाइप सोडायचा, मग फुस्सकन मोठा आवाज व्हायचा. कपलिंग सुटले की इंजिन थोडे पुढे जाऊन थांबे. रूळ बदलला की शेजारच्या लाइनीवरून सगळी गाडी ओलांडून ते दुसऱ्या टोकाला यायचे. पुन्हा कपलिंग, पुन्हा पाइप, मग ब्रेकची तपासणी. लहान मुलाला ती जत्राच वाटे. रेल्वेच्या हिशेबात मात्र तेवढ्यासाठी एक जादा लाइन, दोन-तीन माणसे आणि बराच वेळ अडकून पडायचा. गाडी चार डब्यांची असो की अठरा डब्यांची, हा खटाटोप सारखाच. छोट्या गाडीला तो परवडत नाही. डेमूसारख्या गाडीची गरज इथून सुरू होते.

सोलापूर जिल्ह्याने हा प्रश्न फार जवळून पाहिला आहे, कारण तिन्ही गेज इथे नांदली. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची ब्रॉड गेज लाइन पुण्याहून मोहोळमार्गे 1860 मध्ये सोलापूरला पोहोचली आणि 1871 पर्यंत रायचूरला जाऊन मद्रासकडच्या लाइनीला भिडली. सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज लाइन 1884 च्या सुमारास गदगहून विजापूरमार्गे होटगीला आली. आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरची नॅरो गेज गाडी सुरू झाली. तीच आपली बार्शी लाइट. कुर्डुवाडी स्टेशनचे नाव तेव्हा ‘बार्शी रोड’ होते. बार्शीसारखी कापसाची, धान्याची पेठ मुख्य लाइनीपासून बाजूला राहिली होती, आणि तिथला माल आणि माणसे बैलगाडीने या स्टेशनापर्यंत येत.

बार्शी लाइट हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. ती उभी करणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे याच माणसाने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. त्याची अडचण साधी होती: वाहतूक थोडी, पैसा त्याहून थोडा, मग रेल्वे बांधायची कशी? रूळ हलके घातले तर खर्च वाचतो, पण हलक्या रुळांवर जड इंजिन चालत नाही. कॅलथ्रॉपने इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असे ठरवले. वजन जास्त आसांवर वाटून टाकले. त्यामुळे यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोचे हलके रूळ पुरले आणि त्यांवरून भरपूर भार नेणारे मोठे बोगी डबेही धावले. ही लाइन 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला याच डब्यांनी वारकऱ्यांच्या पिढ्या पंढरीला नेल्या. 1954 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

योगायोग असा की डेमूच्या पोटात जे दोन शोध आहेत, तेही त्याच 1897 सालचे. त्या वर्षी जर्मनीत आउग्सबुर्ग इथे रुडॉल्फ डीझेलच्या इंजिनाची जाहीर चाचणी झाली. इंधनातली चौथ्या हिश्श्याहून जास्त उष्णता ते कामाला लावत होते, वाफेच्या इंजिनांच्या कितीतरी पुढे. आणि अमेरिकेत फ्रँक स्प्रेग याने शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी ‘मल्टिपल युनिट’ पद्धत सिद्ध केली. प्रत्येक डब्याखाली स्वतःची मोटर, आणि साऱ्या मोटरी एकाच केबिनमधून एका वेळी हलवणारी तारांची जोडणी. सहा डब्यांची चाचणीगाडी त्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडून चालवून दाखवली. कॅलथ्रॉपने वजन वाटले, स्प्रेगने ताकद वाटली. दोघांची एकमेकांना खबरही नसावी, पण विचार एकाच वळणाचा.

डीझेल आणि मल्टिपल युनिट एकत्र यायला मात्र वेळ लागला. सुरुवातीचे डीझेल इंजिन फार अवजड होते, डब्याखाली मावणारे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर स्वीडनमध्ये डीझेल-इलेक्ट्रिक रेलकार धावली. 1933 मध्ये बर्लिन ते हॅम्बुर्ग ‘फ्लाइंग हॅम्बर्गर’ ताशी 160 किलोमीटर वेगाने धावू लागली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. पण या गाडीचे खरे घर जलद मार्गांवर झाले नाही, ते झाले आडवाटेच्या लाइनींवर. ब्रिटनमध्ये 1954 पासून डर्बीच्या कारखान्यातून हलक्या डीझेल गाड्या निघाल्या आणि वाफेच्या पॅसेंजर भराभर हटल्या. जर्मनीतल्या गावोगावच्या फाट्यांवर रेलबस आल्या, आणि 1990 नंतर तिथल्या प्रादेशिक लाइनींसाठी एक-दोन डब्यांच्या नव्या डीझेल गाड्यांची पिढीच तयार झाली.

आपल्याकडे डेमू रुळली ती 1994 पासून, पंजाबातल्या जालंधर–होशियारपूर मार्गावर. मोठ्या शहरांभोवती विजेची लोकल होती, मुख्य मार्गांवर एक्स्प्रेस होत्या, पण तारा नसलेल्या फाट्यांवर चार-पाच डब्यांची पॅसेंजर ओढायला 2600 अश्वशक्तीचे, 113 टनांच्या आसपास वजनाचे डीझेल इंजिन जुंपले जाई. वजन ओढण्यातच डीझेल जायचे. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने आधी 700 आणि नंतर 1400 अश्वशक्तीच्या गाड्या बनवल्या.

आतली रचना अशी. टोकाच्या डब्याला ड्रायव्हिंग पॉवर कार म्हणतात. त्यात चालकाची केबिन, तिच्यामागे इंजिनाची खोली, आणि उरलेल्या जागेत प्रवासी. डीझेल इंजिन चाके थेट फिरवत नाही. ते अल्टरनेटर फिरवते, त्यातून आलेली वीज त्याच डब्याच्या बोगींवरच्या, चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटरींना मिळते. म्हणजे स्वतःचे वीजघर घेऊन धावणारी ही लोकलच. मधले साधे डबे ट्रेलर. डब्याडब्यांमधून जाणाऱ्या जंपर केबलवरून चालकाचा हुकूम दुसऱ्या टोकाच्या पॉवर कारला पोहोचतो, आणि दोन्ही इंजिने एकदम जोर लावतात. यातल्या बऱ्याच गाड्यांत कमिन्सचे इंजिन असते. कमिन्सचा भारतातला जुना कारखाना पुण्याच्या कोथरूडचा, 1962 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा. आपल्या फाट्यांवर धावलेल्या या गाडीशी महाराष्ट्राचे तेवढे नाते आहेच.

दोषही सांगायला हवेत. पॉवर कारमध्ये बसले की अंगाखाली सगळे थरथरते, उन्हाळ्यात भिंत तापते, डीझेलचा वास कपड्यांना लागतो. इंजिनाची खोली बसायची जागा खाते. शिवाय जुन्या धाटणीच्या अनेक डब्यांत स्वच्छतागृह नसे. तासाभराच्या प्रवासासाठी आखलेली गाडी तीन-चार तासांच्या मार्गावर धाडली की बायका, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांचे हाल होतात. ही चूक गाडीची नाही, तिला लांब पल्ल्यावर नेमणाऱ्यांची आहे.

सोलापूर भागात डेमू यायला आधी गेज बदलावे लागले. 1992 मध्ये सरकारने एक-गेज धोरण घेतले. कुर्डुवाडी–पंढरपूर टप्पा शतकाच्या वळणावर ब्रॉड गेज झाला, लातूरची बाजू 2008 पर्यंत, आणि पंढरपूर–मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत. होटगी–गदग मार्गाचेही त्याच काळात रूपांतर झाले. बार्शी लाइटची शिट्टी थांबली त्याचे दुःख मला आजही आहे. पण मिरजेहून आलेला डबा थेट मुख्य लाइनीवर जाऊ लागला, कुर्डुवाडीत माल उतरवून पुन्हा चढवायची पाळी संपली, हेही तितकेच खरे. मिरज–कुर्डुवाडी डेमू धावली ती जवळजवळ कॅलथ्रॉपच्याच वाटेने.

दुसरी डेमू पुणे–दौंडची, 2017 मध्ये सुरू झालेली. त्या मार्गावर तोवर विजेच्या तारा लागल्या होत्या, आणि पासधारक कित्येक वर्षे लोकल मागत होते. मिळाली ती तारांखालून डीझेल जाळत धावणारी गाडी. मेमू, म्हणजे विजेवरची तशीच गाडी, पुढे आली. वीज आली म्हणून विजेची गाडी येतेच असे नाही, हे तेव्हा दिसले.

आता सोलापूर विभागात डीझेलची गरज संपल्यात जमा आहे. 23 फेब्रुवारी 2023 ला औसा रोड ते लातूर रोड या टप्प्यावर तारा पूर्ण झाल्या आणि मध्य रेल्वेचे सारे ब्रॉड गेज जाळे विजेखाली आले. शेवटचा तुकडा याच विभागातला होता. त्याच महिन्यात, 10 तारखेला, मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच. वंदे भारत हीसुद्धा मल्टिपल युनिटच आहे, तिच्याही दोन्ही टोकांना केबिन. स्प्रेगची कल्पना सोलापूरच्या फलाटावर दिमाखात उभी राहिली, पण ती बाळ्याला, पाकणीला, अनगरला थांबत नाही.

या स्टेशनांची गाडी म्हणजे पॅसेंजर. मोहोळ, माढ्याहून सोलापूरला कॉलेजला येणारी पोरे, दवाखान्याला निघालेली म्हातारी, कुंकवाच्या केमहून माल घेऊन निघालेला व्यापारी तिच्यावर अवलंबून. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या क्रमांकाआधी शून्य लागून त्या ‘स्पेशल’ झाल्या होत्या, आणि किमान भाडे दहाचे तीस रुपये झाले होते. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी 2024 उजाडले. नेहमीच्या क्रमांकांत 5 ने सुरू होणारी साधी पॅसेंजर, 6 ने मेमू, 7 ने डेमू. वेळापत्रक पाहताना मी आधी तो पहिला आकडा पाहतो.

डीझेल सुटले तरी गाडीचा सांगाडा उरतो. हरियाणात जिंद–सोनीपत मार्गासाठी डेमूच्याच डब्यांत हायड्रोजनपासून वीज करणारे फ्युएल सेल बसवण्याचा प्रकल्प रेल्वेने हाती घेतला. जर्मनीत अशी हायड्रोजन गाडी 2018 मध्ये प्रवाशांना घेऊन धावली. आपल्याकडे हायड्रोजनची वाट पाहायचे कारण नाही, डोक्यावर तारा आहेत. सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवला जाणाऱ्या सुमारे 84 किलोमीटरच्या नव्या लाइनीची पायाभरणी जानेवारी 2019 मध्ये सोलापुरात झाली. त्या लाइनीवर नवरात्रात यात्रेकरूंची रांग लागेल आणि एरवी दिवसाला दोन-चार गाड्यांपुरतीच माणसे असतील. म्हणजे कॅलथ्रॉपसमोर होती तशीच वाहतूक, आणि तुळजापूरला पोहोचून लगेच उलट फिरणारी मेमू तिला नेमकी बसते.