शंभर फुटांना एक टन: रोपांच्या खोलीला न चालणारा हिशेब

एसी किती क्षमतेचा घ्यावा, यासाठी ‘शंभर चौरस फुटांना एक टन’ हा ठोकताळा वर्षानुवर्षे सांगितला जातो. परंतु बंद खोलीत दिव्यांखाली रोपे वाढवणाऱ्याने त्यावर विसंबून स्प्लिट एसी घेऊ नये. तो राहत्या खोलीचा ढोबळ अंदाज आहे. एक टन म्हणजे सुमारे 3.5 किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, आणि दिव्यांना दिलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णताच होते, मग दिवे एलईडी का असेनात. 2,000 वॉटचे दिवे लावले की अर्ध्या टनाहून अधिक क्षमता तिथेच खर्ची पडते.

विदर्भात त्यात उन्हाची भर पडते. एसीची क्षमता साधारणतः बाहेर 35 अंश तापमान धरून मोजतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा तीच क्षमता घटते. म्हणून टिनाच्या छताखाली उष्णतारोधक थर आधी लावावा आणि बाहेरचे युनिट उत्तरेच्या भिंतीला, मोकळ्या सावलीत बसवावे.

मग सरसकट मोठाच एसी घ्यावा, हेही चूक. गरजेपेक्षा फार मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते, पानांतून निघालेली वाफ मात्र आतच राहते आणि पानांवर बुरशी धरते. कमी वेगानेही चालू राहणारा इन्व्हर्टर एसी इथे अधिक योग्य. वीज रात्री मिळत असेल, तर दिव्यांची पाळीही रात्रीच ठेवावी.