केस उपटणारं मूल आणि 'आईचंच चुकलं' हा समज

मूल डोक्याचे, भुवयांचे, पापण्यांचे केस उपटू लागलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'लहानपणी याला काय झालं?' आणि बोट बहुतेक वेळा आईकडेच जातं. या समजाला जुन्या मनोविश्लेषणाने खतपाणी घातलं. आई आणि मुलाच्या बिघडलेल्या नात्याचं लक्षण म्हणून या सवयीकडे पाहिलं गेलं.

या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया हे नाव १८८९ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी दिलं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरण-पुस्तिकेत, तो ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) आणि संबंधित विकारांच्या गटात आला. सुरुवात बहुधा वयात येताना होते. एकसारख्या जुळ्यांमध्ये तो दोघांनाही असण्याचं प्रमाण बिनएकसारख्या जुळ्यांपेक्षा जास्त दिसलं, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा आहे.

मग बालपणाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण वेगळा. काही रुग्णांच्या आयुष्यात आघात असतो, अनेकांच्या नसतो. घरातल्या ताणाने केस उपटण्याची ओढ वाढू शकते. पण अभ्यास करताना, टीव्हीसमोर, नकळतही हात केसांत जातो. ओरडणं, हातावर मारणं, टक्कल करणं यातून फक्त लाज वाढते, आणि मूल लपून केस उपटू लागतं. हे मला सर्वांत क्लेशदायक वाटतं.

उपयोगी पडते ती सवय-बदल उपचारपद्धती: हात कधी वर जातो ते ओळखायचं आणि त्या क्षणी मूठ घट्ट मिटायची. मूल केस गिळत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. पोटात केसांचा गोळा होऊन आतडं अडू शकतं.