उघड्या दाराचं विमान: छोट्या विमानांच्या अपहरणामागचा इतिहास

विमान अपहरण म्हटलं की आपल्याला आठवतं ते कंदाहार. डिसेंबर १९९९, इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४, दीडशेहून अधिक प्रवासी, आठवडाभराची घालमेल आणि शेवटी तीन दहशतवाद्यांची सुटका. त्यामुळे स्कायडायव्हिंगला, म्हणजे हवेतून पॅराशूटने उड्या मारायला निघालेलं पाच-दहा माणसांचं विमान कुणी ताब्यात घेतलं असं ऐकलं, तर पहिला प्रश्न पडतो की एवढ्याशा विमानाचं कुणी करणार तरी काय? जगातल्या सुरक्षा यंत्रणांनीही हा प्रश्न फार काळ असाच बाजूला ठेवला होता. त्यामागचा इतिहास कोकणातल्या माणसाने तरी नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या किनाऱ्यावर धावपट्ट्या वाढताहेत, आणि लहानशा वाहनातून आलेल्या मोठ्या संकटाचा अनुभव या किनाऱ्याला पुरेपूर आहे.

आधी हे विमान कसं असतं ते पाहू. सेस्ना १८२ किंवा २०६, जरा मोठ्या केंद्रांवर सेस्ना २०८ कॅराव्हॅन किंवा ट्विन ऑटर. वैमानिकाची सीट सोडून बाकीच्या बहुतेक सीटा काढलेल्या असतात आणि उडी मारणारी मंडळी टेम्पोच्या हौद्यात बसावं तशी तळावर दाटीवाटीने बसतात. दार एक तर काढूनच टाकलेलं असतं, नाहीतर हवेत उघडता येईल असं बदलून घेतलेलं असतं. साधारण दहा ते तेरा हजार फुटांवर लोक उड्या मारतात, वैमानिक रिकामं विमान एकट्याने खाली आणतो आणि लगेच दुसरी खेप भरतो. त्याच्या आणि मागच्या माणसांच्या मध्ये भिंत नाही, दार नाही. कानावर हेडसेट, माणसांकडे पाठ, आणि एकदा दार उघडलं की वाऱ्याचा असा आवाज की मागे काय चाललंय ते कळणं कठीण.

अपहरणाचं सगळं गणित ओलिसांवर चालतं. इथे मात्र ओलिसांच्या पाठीवरच सुटकेचं साधन बांधलेलं असतं. पुरेशी उंची असेल आणि दारापर्यंत पोचता आलं, तर अनुभवी माणूस सरळ बाहेर पडू शकतो. प्रशिक्षकाला जोडून उडी मारायला आलेला नवखाही त्याच्याबरोबर सुटतो. अडकतो तो वैमानिक. त्याच्याजवळ संकटकाळचं पॅराशूट असलं तरी त्याने विमान सोडलं की ते खाली कुणाच्या तरी घरावर किंवा वाडीवर जाऊन पडणार. म्हणून अशा विमानाचं अपहरण हे मुळात एका माणसाचं अपहरण असतं, आणि सुरक्षेचा विचारही त्याच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

इतिहासाची सुरुवातही लहान विमानांपासूनच होते. अपहरणाची पहिली नोंद १९३१ च्या फेब्रुवारीतली, पेरू देशातल्या अरेक्विपा शहराची. तिथल्या बंडखोरांनी टपाल नेणारं एक फोर्ड ट्रायमोटर अडवलं आणि वैमानिकाला आपल्या कामासाठी उड्डाण करायला फर्मावलं. त्याने साफ नकार दिला आणि कित्येक दिवस तो ओलीस राहिला. त्यानंतरची मोठी घटना अधिक भयंकर, आणि तीही समुद्रकाठची. १६ जुलै १९४८ रोजी मकाऊहून हाँगकाँगला निघालेल्या एका कॅटलिना सागरी विमानात चार जणांनी प्रवाशांना लुटण्यासाठी पिस्तुलं काढली. अंतर जेमतेम वीस मिनिटांचं. झटापटीत वैमानिकाला गोळी लागली, विमान पर्ल नदीच्या मुखाशी पाण्यात कोसळलं आणि विमानातल्या २६ पैकी २५ जण गेले. वाचलेला एकमेव माणूस अपहरणकर्त्यांपैकीच निघाला.

पुढे जे झालं त्यातून आजचा कायदा आला. मकाऊच्या न्यायालयाने म्हटलं, विमान हाँगकाँगमध्ये नोंदलेलं आहे, खटला तिथे चालवा. हाँगकाँगचं म्हणणं पडलं की घटना चीनच्या हद्दीवर घडली, आमचा संबंध नाही. शेवटी तो माणूस खटल्याशिवाय सुटला. पंचवीस माणसं मेली आणि गुन्हा नेमका कुणाच्या हद्दीतला हे ठरलंच नाही! ही पोकळी भरण्याचा पहिला प्रयत्न म्हणजे १९६३ चा टोकियो करार. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाला खटल्याचा अधिकार, हे त्याने ठरवलं. १९७० च्या हेग कराराने त्यापुढे जाऊन बंधन घातलं की अपहरणकर्ता हाती लागला तर एक तर त्याच्यावर खटला भरा, नाहीतर त्याला संबंधित देशाच्या हवाली करा.

दरम्यान पॅराशूट या कथेत शिरलं. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेत पोर्टलंडहून सिएटलला निघालेल्या बोइंग ७२७ मध्ये डॅन कूपर या नावाने तिकीट काढलेल्या माणसाने बॉम्ब असल्याचं सांगून दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूटं मागितली. चार मागण्यात मेख होती: तो कुणा ओलिसालाही उडी मारायला लावेल या शंकेमुळे पोलिसांना बिघडवलेलं पॅराशूट देता येईना. राखीव पॅराशूटं सिएटलजवळच्या एका स्कायडायव्हिंग केंद्रातून आणली गेली आणि घाईत त्यातलं एक वर्गात दाखवण्यासाठीचं, शिवून बंद केलेलं निघालं. विमान पुन्हा हवेत गेल्यावर रात्री, पावसात, शेपटीखालच्या जिन्यावरून त्या माणसाने उडी मारली, तो आजवर सापडलेला नाही. १९८० मध्ये कोलंबिया नदीच्या वाळूत त्या पैशांपैकी ५,८०० डॉलर मिळाले. २०१६ मध्ये एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने सक्रिय तपास थांबवला.

त्याचं अनुकरण लगेच सुरू झालं. एप्रिल १९७२ मध्ये रिचर्ड मॅकॉय या अनुभवी स्कायडायव्हरने पाच लाख डॉलर घेऊन युटा राज्यावर उडी मारली आणि दोनच दिवसांत तो पकडला गेला. जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि बोइंग ७२७ चा मागचा जिना हवेत उघडू नये म्हणून एक साधी पट्टी बसवण्यात आली. या काळावर लिहिणारे कूपरच्या गूढात रमतात. मला महत्त्वाची वाटते ती बाजू वेगळी आहे. हे सगळे उपाय मोठ्या विमानतळांसाठी होते. शेताकडेच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या ज्या विमानांमध्ये हवेत दार उघडणं हाच रोजचा धंदा, ती या चौकटीबाहेरच राहिली.

भारताची वाटचालही प्रत्येक वेळी एका घटनेच्या मागून झाली. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ हे फोकर फ्रेंडशिप लाहोरला नेलं गेलं, तेही खोट्या पिस्तुलाच्या आणि खोट्या हातबॉम्बच्या धाकावर. विमान तिथे जाळण्यात आलं, भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि त्या युद्धाच्या वर्षात पूर्व पाकिस्तानकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना श्रीलंकेचा वळसा घ्यावा लागला. सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईकडे निघालेलं बोइंग ७३७ लाहोरला नेलं गेलं. त्यानंतरच्या समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा वेगळा विभाग निघाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान दोघांनी खेळण्यातल्या पिस्तुलावर वाराणसीला वळवलं. अपहरणविरोधी कायदा आला १९८२ मध्ये. कंदाहारनंतर फेब्रुवारी २००० मध्ये, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवले जाऊ लागले.

११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारं मजबूत झाली. पण त्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे तो ६० हून अधिक प्रवाशांच्या किंवा ४५,५०० किलोपेक्षा जड विमानांसाठी. म्हणजे सिंधुदुर्गातल्या चिपीला येणारं सत्तरेक प्रवाशांचं एटीआर ७२ त्यात बसतं. कॅराव्हॅन बसत नाही आणि सेस्ना १८२ तर मुळीच नाही. नियम करणाऱ्यांना दोष देता येत नाही, तेवढ्याशा विमानात असं दार बसवणार कुठे? पण रेषा इथे आखली गेली, हे लक्षात ठेवायला हवं.

लहान विमान काय करू शकतं याचे इशारे तोवर मिळून चुकले होते. मे १९८७ मध्ये मथियास रुस्ट हा जर्मन तरुण सेस्ना १७२ घेऊन सोव्हिएत हवाई संरक्षण ओलांडून थेट मॉस्कोच्या लाल चौकाजवळ उतरला आणि तिथल्या संरक्षणमंत्र्याचं पद गेलं. सप्टेंबर १९९४ मध्ये चोरलेलं एक सेस्ना १५० व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर आदळलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका क्यूबन वैमानिकाने अँटोनोव्ह एएन-२ सरळ फ्लोरिडात नेऊन उतरवलं. हे दुपंखी विमान पूर्वीच्या सोव्हिएत गटातल्या देशांत पॅराशूटच्या उड्यांसाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलं आहे.

मग आलं २०२५. १७ एप्रिलला बेलीझमध्ये देशांतर्गत फेरीवरच्या एका छोट्या सेस्नात एका माणसाने चाकू काढला, वैमानिकासह तिघांना जखमी केलं आणि विमान देशाबाहेर न्यायला सांगितलं. विमान घिरट्या घालत राहिलं, इंधन संपत आलं. अखेर परवान्याचं पिस्तूल बाळगणाऱ्या एका जखमी प्रवाशाने त्याच्यावर गोळी झाडली आणि वैमानिकाने विमान सुखरूप उतरवलं. जुलैत कॅनडात व्हिक्टोरिया इथल्या फ्लाइंग क्लबचं सेस्ना १७२ प्रशिक्षकाला धमकावून व्हँकुव्हर विमानतळाकडे नेण्यात आलं. तिथली वाहतूक थांबवावी लागली आणि लढाऊ विमानांना आदेश गेले. दोन्ही घटनांत मोठ्या विमानतळासारखी तपासणी आणि कॉकपिटचं बंद दार यांपैकी काहीच आड आलं नाही.

आता कायद्यातल्या एका गोष्टीकडे येतो. हेग करारात आणि आपल्या १९८२ च्या कायद्यात विमान ‘उड्डाणात’ कधी मानायचं हे दारावरून ठरत होतं: माणसं चढल्यावर बाहेरची सगळी दारं बंद झाली की सुरुवात, आणि उतरण्यासाठी कुठलंही दार उघडलं की शेवट. प्रवासी विमानाला हे चोख लागू पडतं. स्कायडायव्हिंगच्या विमानाला लावून पाहा. दार काढलेलंच असेल तर सुरुवात कधी झाली? आणि बारा हजार फुटांवर माणसं बाहेर पडण्यासाठी दार उघडलं, तर अक्षरशः वाचता उड्डाण तिथेच संपलं का? असा वाद न्यायालयात कुणी कुठवर ताणला असता ते सोडा, पण कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात हे विमान नव्हतं, एवढं यावरून स्पष्ट दिसतं.

२०१० च्या बीजिंग प्रोटोकॉलने ही अडचण मिटवली आणि भारताने २०१६ च्या नव्या कायद्यात तेच घेतलं. तो ५ जुलै २०१७ पासून लागू आहे. आता उड्डाणापूर्वीची तयारी सुरू झाल्यापासून विमान उतरल्यानंतर २४ तासांपर्यंत ते ‘सेवेत’ धरलं जातं. दार उघडं असो वा नसो, धावपट्टीवर तयारीत असलेलं सेस्नासुद्धा कायद्याच्या छत्राखाली येतं. बळजबरी, धमकी याबरोबर तांत्रिक साधनांनी मिळवलेला ताबाही गुन्हा आहे. कुणाचा जीव गेला तर फाशीपर्यंत, नाहीतर जन्मठेप. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाच्या शौचालयात धमकीची चिठ्ठी सापडली, त्या प्रकरणी या कायद्याखाली पहिली जन्मठेप २०१९ मध्ये झाली; २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आणि आता आपला किनारा. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला स्फोटकं आणि शस्त्रं उतरली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ हा मासेमारीचा ट्रॉलर समुद्रात पळवून, त्याच्या तांडेलाला मारून दहा जण मुंबईत आले. तेही अपहरणच होतं, एका साध्या मच्छीमार नौकेचं. डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियावर पॅराशूटने शस्त्रं टाकणारं अँटोनोव्ह एएन-२६ परतीच्या वाटेवर सापडलं आणि त्याला उतरवलं गेलं ते मुंबईतच. कुबेरनंतर नौकांची नोंदणी, मच्छीमारांची ओळखपत्रं, सागरी पोलीस ठाणी, ‘सागर कवच’चे सराव हे सगळं आलं. हर्णै, जयगड, देवगड, मालवणच्या माणसांनी तपासणीचा तो त्रास वर्षानुवर्षं सोसला आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना फारसं कुणी दिलेलं नाही.

आकाशाच्या बाजूला तशी तयारी अजून व्हायची आहे. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दल वापरतं, चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्याचा मोपा विमानतळ तर बांद्याच्या शेजारीच. सड्यावरची सपाट कातळजमीन धावपट्टीला सोयीची आहे आणि पर्यटनाचा रेटा मोठा आहे. आज कोकणात पॅराशूट म्हणजे मालवण-तारकर्लीला बोटीमागे उडणारं पॅरासेलिंग. पण केंद्राच्या २०२२ च्या हवाई क्रीडा धोरणात अकरा खेळ आहेत आणि स्कायडायव्हिंग त्यातलं एक आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली तेव्हापासून मराठी मुलामुलींना हा खेळ परका राहिलेला नाही. तो कोकणात यावा, असंच मला वाटतं. ऑक्टोबर ते मे कोरडं हवामान, खाली समुद्र, आणि गावात चार पैसे.

तो येईल तेव्हा मात्र काही गोष्टी पहिल्या उड्डाणाआधी ठरलेल्या हव्यात. उडी मारणाऱ्यांची ओळख आणि सामान कोण तपासणार. रात्री विमानाची किल्ली आणि इंधन कुणाच्या ताब्यात. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख जमिनीवर कळवणाऱ्या यंत्रावर, अपहरणाचा ७५०० हा संकेत उमटला तर चिपीचा नियंत्रण कक्ष, सिंधुदुर्ग पोलीस आणि रत्नागिरीचं तटरक्षक दल यांपैकी पहिला फोन कुणी कुणाला करायचा. आणि मागे काही गडबड झाली तर प्रशिक्षकाने माणसं बाहेर काढायची की वैमानिकाजवळ थांबायचं, हे त्या दोघांनी जमिनीवरच एकमेकांशी बोलून ठेवायला हवं.